अंधारातील घट

गोमती नदी लखनौ शहराला दोन भागांत विभागते. तिच्या उत्तरेस निशातगंज ही जुनी पेठ आहे. 'निशात' या शब्दाचा अर्थ आनंद. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, त्यांतील दाट वस्ती, बाजार आणि न्यायमूर्ती करामत हुसैन यांच्या नावाचे मुलींचे महाविद्यालय, अशी या पेठेची ओळख सांगता येईल. नदीच्या दक्षिणेस, तेथून चारेक किलोमीटरांवर, उत्तर प्रदेशाचे विधानभवन आहे. १९२८ साली उद्घाटन झालेल्या त्या वास्तूत आज शतकभर प्रश्न विचारले जात आहेत आणि त्यांना उत्तरे दिली जात आहेत. या दोहोंपासून फार दूर नाही अशा जागी, नदीकाठीच, भैंसाकुंडाची स्मशानभूमी आहे. आजारी पडणारी वस्ती, तिच्या वतीने प्रश्न विचारणारे सभागृह आणि ज्यांच्याविषयी आता केवळ प्रश्नच विचारता येतील अशांची भूमी, ही तिन्ही स्थळे एवढ्या थोड्या अंतरात सामावलेली आहेत. वस्तीतील एका मृत्यूला सभागृहातील एका वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र याहून कितीतरी मोठे अंतर तोडावे लागते. त्या अंतराचा नैतिक विचार करणे, हा या निबंधाचा हेतू आहे.

विधिमंडळातील प्रश्न हा एक ठरीव वाङ्मयप्रकार आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेतील कोणतीही प्रश्नोत्तरांची यादी उघडून पाहावी. अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय. असल्यास, ती भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रश्नाची ही तीन पावले असतात, आणि पुढची दोन पहिल्याच्या आधारावर उभी असतात. पहिल्याचे उत्तर 'हे खरे नाही' असे आले की उरलेल्यांना एकच उत्तर मिळते : 'प्रश्न उद्भवत नाही.' एका वाक्याने सारी इमारत खाली बसते. म्हणून सत्य काय आणि ते कोणी सिद्ध करायचे, हा येथे तत्त्वज्ञांचा फावल्या वेळचा वाद उरत नाही. रुग्णालयात खाट मिळेल की नाही, हे त्यावर ठरते.

प्रश्नकर्त्यावर नियमांनी एक मोठी जबाबदारी टाकली आहे. प्रश्नात एखादे विधान असेल तर त्याच्या अचूकतेचे उत्तरदायित्व सदस्याने स्वतः स्वीकारले पाहिजे, असे लोकसभेचा नियम सांगतो. प्रश्नात युक्तिवाद, तर्क, उपरोध वा दोषारोप असता कामा नये, असेही तो सांगतो. उत्तर देणाऱ्या मंत्र्याने हेतुपुरस्सर दिशाभूल केली तर तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरतो. परंतु 'हेतुपुरस्सर' या शब्दातच सारी गोम आहे. ज्याने जाणून असत्य सांगितले तो दोषी. ज्याने जाणून घेतलेच नाही तो निर्दोष. यातून पुढचा प्रश्न निर्माण होतो. जाणून घेणे हेच ज्याचे काम, त्याचे अज्ञान निर्दोष मानता येईल काय?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. तो पुण्यात, प्लेगच्या वर्षी, अत्यंत कठोर रूपात उभा राहिला होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती, रुग्णांना रुग्णालयात आणि त्यांच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत हलविणे, सामानाची जाळपोळ, हे सारे आरोग्याच्या नावाखाली चालले होते. त्या काळी लोकांच्या वतीने प्रश्न विचारण्याची सोय किती तोकडी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कौन्सिलच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने नुकताच मिळाला होता, आणि उत्तर आल्यावर त्यावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ती मुभा १९०९ च्या सुधारणांनी दिली, आणि तीही केवळ मूळ प्रश्नकर्त्यास. १८९७ मध्ये सरकारने एकदा 'नाही' म्हटले की बोलणे संपत असे.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे त्यांना येत होती. पंडिता रमाबाईंनीही आपल्या संस्थेतील एका मुलीच्या संदर्भात प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेविषयी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. या माहितीवर विसंबून गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मधून सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केला : दोन स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्यांतील एकीने नंतर आत्महत्या केली. पार्लमेंटात प्रश्न निघाले. मुंबई सरकारने चौकशी करून आरोप साफ नाकारला. तोवर रँडवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या होत्या आणि वातावरण भीतीने भरले होते. गोखले जुलैच्या अखेरीस मुंबईस उतरले तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणीही पुढे येऊन साक्ष देण्यास तयार नव्हते. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी वृत्तपत्रांतून निरपवाद क्षमायाचना प्रसिद्ध केली.

या क्षमायाचनेबद्दल त्यांना जन्मभर बोल लावले गेले. त्याच वर्षाअखेर अमरावतीस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. ती माफी भ्याडपणाची होती की सत्यनिष्ठेची, हा वाद येथे पुन्हा उकरण्याचे प्रयोजन नाही. येथे लक्षात घ्यायचे ते तिचे नैतिक गणित. गोखल्यांनी जे सांगितले ते घडलेच नव्हते, असे त्या माफीने सिद्ध होत नाही. ते सिद्ध करता येत नव्हते, एवढेच सिद्ध होते. अब्रूच्या भयाने ज्या घरांनी तोंड उघडले नाही, त्यांच्या मौनाचे ओझे प्रश्न विचारणाऱ्याने उचलले. दुसऱ्या बाजूला सरकारने फक्त एवढेच म्हटले की तक्रार सिद्ध झालेली नाही. संगिनींच्या पहाऱ्यात कोणती स्त्री पुढे येऊन साक्ष देईल, हा विचार करण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. ज्याच्या हाती चौकशीची सारी साधने होती तो पुराव्याअभावी निर्दोष ठरला, आणि ज्याच्या हाती एकही साधन नव्हते तो पुराव्याअभावी अपराधी.

गोखल्यांनी या प्रसंगातून काय घेतले, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. ते पुण्यात प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात आणि पुढे वरिष्ठ कौन्सिलात गेल्यावर त्यांची भाषणे सरकारी अहवालांतील आकड्यांवर उभी राहू लागली. सरकारने स्वतः छापलेला आकडा सरकारला नाकारता येत नाही. ही पद्धत प्रभावी होती यात संशय नाही. परंतु तिची मर्यादाही तिच्यातच होती. जे सरकारने मोजले तेच तिच्यात येऊ शकते. जे मोजलेच नाही, त्याविषयी ती मूक राहते.

पुण्याच्या प्लेगचा आणि लखनौच्या विधानभवनाचा संबंध एका माणसाच्या चरित्रातून जुळतो. १८९६ साली पुण्यात जन्मलेल्या एका मराठी मुलाचे घर प्लेगने रिकामे केले. सतराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात उत्तरेस निघाला आणि देवरिया जिल्ह्यातील बरहज येथे स्थिरावला. हेच बाबा राघवदास. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, गोरखपुरात त्यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम उभे केले, आणि १९४८ च्या पोटनिवडणुकीत आचार्य नरेंद्र देव यांचा पराभव करून ते फैजाबादेतून विधानसभेवर निवडून आले. पुण्याच्या साथीतून वाचलेला मराठी मुलगा अशा रीतीने लखनौच्या सभागृहात आमदार म्हणून बसला. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत त्यांना 'पूर्वांचलाचे गांधी' म्हणत, आणि गोरखपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

त्या नावाच्या रुग्णालयात ऑगस्ट २०१७ मध्ये जे घडले ते देशाला ठाऊक आहे. पूर्व उत्तर प्रदेशात १९७८ पासून मेंदूज्वर दर पावसाळ्यात बालकांचे बळी घेत आला, आणि त्या भागातील गरिबांचा मुख्य आधार हेच रुग्णालय. थकलेल्या बिलांवरून प्राणवायूचा पुरवठादार आणि महाविद्यालय यांच्यात पत्रव्यवहार चालू होता. १० ऑगस्टच्या रात्री द्रवरूप प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला. १० आणि ११ या दोन दिवसांत तेथे सुमारे तीस बालके दगावली. शासनाने मृत्यू झाल्याचे मान्य केले, पुरवठ्यातील ढिलाईबद्दल कारवाईही केली. परंतु मृत्यूचे कारण प्राणवायूचा तुटवडा होते, हे मात्र नाकारले. कारणे होती ती मेंदूज्वर, नवजात अर्भकांचे आजार आणि इतर व्याधी. मुले आजारी होती हे खरेच होते. निरोगी मुलाला नळीने प्राणवायू कोण लावतो?

चार वर्षांनी हेच वाक्य साऱ्या देशाच्या वाट्याला आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने लखनौला गाठले. भैंसाकुंडावरील जळत्या चितांच्या चित्रफिती देशभर पसरल्या, आणि त्यानंतर त्या स्मशानाच्या रस्त्याकडील बाजूस पत्रे ठोकण्यात आले. संसर्गाचे क्षेत्र असल्याने प्रवेश बंद, असे कारण तेथे लिहिले गेले. त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि दाब कमी होऊन किमान २२ रुग्ण प्राणास मुकले. ४ मे रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौ आणि मीरत येथून आलेल्या बातम्यांची दखल घेतली. रुग्णालयांना प्राणवायू न पुरविल्याने रुग्णांचा मृत्यू होणे हे गुन्हेगारी कृत्य असून ते नरसंहाराहून कमी नाही, या आशयाचे शब्द वापरून न्यायालयाने दोन्ही ठिकाणच्या जिल्हाधिकाऱ्यांना ४८ तासांत चौकशी करण्यास सांगितले.

यानंतर २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नाला लेखी उत्तर आले. दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या तीव्र टंचाईमुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने रुग्ण मरण पावले काय, असा प्रश्न होता. उत्तराचा आशय असा : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये रुग्णांची आणि मृत्यूंची माहिती केंद्राला नियमितपणे कळवितात, प्राणवायूच्या अभावी झालेल्या मृत्यूची स्वतंत्र नोंद कोणत्याही राज्याने कळविलेली नाही. उत्तर देणाऱ्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या खासदार होत्या, आणि मंत्रिपदावर येऊन त्यांना दोनच आठवडे झाले होते. येथे व्यक्तीचा विचार गैरलागू आहे. त्या आसनावर दुसरे कोणी असते तरी खात्याने हेच वाक्य लिहून दिले असते. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असलेल्या राज्यांनीही या बाबतीत फारसे वेगळे वर्तन केले नाही. विचार करायचा आहे तो त्या वाक्याच्या घडणीचा.

ते वाक्य खोटे नव्हते. राज्यांनी तशी नोंद कळविली नव्हती, हे शब्दशः खरे होते. मग ते ऐकून ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना अपमानित झाल्यासारखे का वाटले? भावनेच्या भरात, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येणार नाही. त्याचे उत्तर आपल्याकडील ज्ञानशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कसे कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून तेथे घट नाही असे ज्ञान होते. नैयायिकांनी ते स्वतंत्र प्रमाण आहे हे मानले नाही. परंतु एका अटीविषयी दोघांचेही एकमत होते. न दिसणे हे योग्य असले पाहिजे. म्हणजे, घट तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असली पाहिजे. डोळे उघडे हवेत, उजेड हवा, मध्ये आडपडदा नको. या अटी पुऱ्या होत असतील तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अंधाऱ्या खोलीत चाचपडणारा माणूस घट दिसला नाही म्हणून घट नाही असे सांगू लागला, तर त्याचे पहिले विधान खरे असूनही दुसरे प्रमाणहीन ठरते.

'नोंद नाही' हे वाक्य या कसोटीवर घासून पाहावे. प्राणवायूअभावी मृत्यू झाला असता तर त्याची नोंद झालीच असती, अशी व्यवस्था होती काय? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र दिले जाते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ. त्यात डॉक्टरने मृत्यूचे तात्कालिक कारण आणि त्यामागील व्याधींची साखळी लिहायची असते. रुग्णाला काय झाले होते हे लिहिण्यासाठी तेथे रकाने आहेत. त्याला काय मिळाले नाही हे लिहिण्यासाठी रकाना नाही. शिवाय हे प्रमाणपत्र तरी किती जणांना मिळते? २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणासह प्रमाणित झालेल्यांचे प्रमाण सुमारे २२.५ टक्के होते. बाकीचे मृत्यू केवळ मृत्यू होते. त्यांचे कारण कोणी लिहिलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात असा अंदाज मांडला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले. अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता. भारत सरकारने त्या अंदाजाची पद्धतच अमान्य केली. कोणता आकडा खरा, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. दोन आकड्यांत एवढे अंतर पडू शकते, यावरूनच खोलीत उजेड किती होता ते कळते.

अशा अंधारात घट दिसला नाही, असे सांगितले गेले. आणि दिवा लावून ठेवण्याचे काम ज्याच्याकडे सोपविले होते, त्यानेच ते सांगितले. दोष आहे तो येथे. शेजाऱ्याच्या घरात काय घडले हे मला ठाऊक नाही, असे सामान्य माणसाने म्हणणे हा प्रामाणिकपणा होय. नोंदवही ज्याच्या हाती आहे त्याने वहीच्या कोऱ्या पानाकडे बोट दाखविणे, याला आपल्या भाषेत वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात. धर्मराजाच्या अर्धसत्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. हत्ती मेला होता हे खरे होते. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शब्द खरे असून ऐकणाऱ्याच्या मनात असत्य उभे राहील, अशी त्यांची रचना होती, एवढेच कारण त्याला पुरेसे ठरले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते दुबळे नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहेत. राज्यांनी कळविले नाही ते केंद्राने कसे सांगावे? अत्यवस्थ रुग्ण प्राणवायू मिळूनही दगावला नसता, हे कोणत्या डॉक्टरने छातीठोकपणे सांगावे? आणि वृत्तपत्रातील बातम्यांवर, ऐकीव गोष्टींवर मंत्री सभागृहात उत्तर देऊ लागले तर उत्तराला किंमत काय राहील? गोखल्यांनी ऐकीव माहितीवर विसंबण्याची किंमत मोजली होतीच.

या आक्षेपांत तथ्य आहे, आणि म्हणूनच 'होय, मृत्यू झाले' असे उत्तर पुराव्यावाचून द्यायला हवे होते, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु 'होय' आणि 'नोंद नाही' यांच्यामध्ये एक तिसरे वाक्य संसदीय व्यवहारात रूढ आहे : 'माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' हे वाक्य वरवर टाळाटाळीचे वाटते. वस्तुतः ते ऋणपत्र आहे. असे उत्तर आश्वासन मानले जाते, आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. राज्यसभेतही तशी समिती आहे. ज्याने 'माहिती गोळा करीत आहोत' म्हटले त्याने आपले अज्ञान कबूल केले आणि ते दूर करण्याचे ऋण डोक्यावर घेतले. ज्याने 'नोंद नाही' म्हटले त्याने अज्ञानालाच उत्तराचा दर्जा दिला आणि खाते बंद केले. दोन्ही वाक्यांत माहिती तेवढीच आहे, म्हणजे शून्य. नैतिक अंतर मात्र जमीन-अस्मानाचे आहे. त्या उत्तराने देशभर क्षोभ उसळल्यानंतर, त्याच जुलैच्या अखेरीस, केंद्राने राज्यांकडे प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंची माहिती मागविली. जे उत्तरापूर्वी विचारायचे ते उत्तरानंतर विचारले गेले. प्रश्नाने आपले काम केले असे म्हणायचे तर ते असे, उलट्या क्रमाने.

प्रश्न विचारणाऱ्यांची बाजूही निष्कलंक आहे असे समजण्याचे कारण नाही. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांना सदस्यत्व गमवावे लागले. लाच न घेणाऱ्यांपैकीही अनेकांचा प्रश्न बातमीपुरताच जगतो. छापून आला की प्रश्नकर्ता तो विसरतो. दुसऱ्याच्या मृत्यूविषयी विचारलेला प्रश्न ही ठेव आहे. ती ज्यांची आहे ते स्वतः सभागृहात येऊ शकत नाहीत, आणि त्यांतले काही जण कोठेच येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणाऱ्याने अचूकतेची जबाबदारी घ्यावी, असे नियम म्हणतो ते उचितच आहे. गोखल्यांची माफी आज शतकानंतरही मान खाली घालायला लावत नाही, ती यामुळेच : तिच्यात प्रश्नकर्त्याने आपल्या शब्दाचे मोल स्वतः चुकते केले. खेद एवढाच की उत्तर देणाऱ्याकडून तशी अपेक्षा करण्याची रीत आपल्याकडे पडली नाही.

तरी तिची एक चाहूल त्याच २० जुलैला राज्यसभेत लागली होती. करोनावरील चर्चेत मनोज झा यांनी गंगेत वाहत गेलेल्या मृतदेहांचा उल्लेख करून, ज्यांच्या मरणाची दखलही घेतली गेली नाही अशांची आपण सर्वांनी मिळून क्षमा मागावी, या आशयाचे भाषण केले. ते विरोधी बाकांवर होते; तरी त्यांनी ती माफी केवळ सरकारकडून मागितली नाही. सभागृह म्हणून आपण मोजण्यात कमी पडलो, असा त्या भाषणाचा सूर होता. एकाच दिवशी त्याच सभागृहात एका कागदावर 'नोंद नाही' असे लिहिले गेले आणि दुसऱ्या मुखातून नोंद नसल्याबद्दल क्षमा मागितली गेली. या दोहोंत परस्परविरोध आहे असे वाटेल; तसा तो नाही. दोन्ही विधानांनी एकच वस्तुस्थिती सांगितली. एकाने तिच्याआड आसरा घेतला, दुसऱ्याने तिची लाज बाळगली.

यावरून प्रश्नकर्त्या लोकप्रतिनिधीचा व्यवहार कसा असावा, याविषयी एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. किती माणसे मेली, हा प्रश्न त्याने विचारावाच. पण तो दुसरा असावा. पहिला प्रश्न उजेडाविषयी असला पाहिजे. प्राणवायू न मिळाल्याने, रुग्णवाहिका वेळेवर न आल्याने, पद रिक्त असल्याने उद्या एखादा माणूस मेला, तर ते कोणत्या नोंदवहीत, कोणत्या रकान्यात, कोणाच्या सहीने लिहिले जाईल? तसा रकाना आहे काय, असल्यास तो भरला जातो काय, नसल्यास तो कधी निर्माण करण्यात येणार आहे? या प्रश्नाला 'हे खरे नाही' असे उत्तर देता येत नाही, आणि 'प्रश्न उद्भवत नाही' असेही म्हणता येत नाही. साथ नसलेल्या वर्षीही तो विचारता येतो. किंबहुना तेव्हाच विचारला पाहिजे, कारण दिवा लावायचा तो अंधार पडण्यापूर्वी. निशातगंजच्या एखाद्या गल्लीत रात्री कोणी मरण पावले, तर सकाळी ते कोण लिहून घेते, कारणाच्या जागी काय लिहिते, आणि तो कागद नदीपलीकडे कोणाच्या टेबलापर्यंत जातो, एवढे ज्या दिवशी कोणत्याही आमदाराला सभागृहात विचारता येईल आणि मंत्र्याला सांगता येईल, त्या दिवसापासून 'नोंद नाही' या शब्दांवर विश्वास ठेवता येईल.